एका अरण्यवासीयाची साक्ष

काही शब्द सभासंमेलनांतून इतके फिरतात की, जुन्या नाण्याप्रमाणे त्यांच्यावरील ठसा पुसट होऊन जातो. 'सहभाग' हा शब्द अलीकडे त्याच गतीस पोचला आहे. पृथ्वीवरील हवा, पाणी व अरण्ये ह्यांचे रक्षण कसे करावे ह्याचा खल करण्यासाठी राष्ट्राराष्ट्रांचे प्रतिनिधी वरचेवर कोठे ना कोठे जमतात; आणि जमले म्हणजे, आदिवासी लोकांचा पूर्ण व परिणामकारक सहभाग घेतला जाईल, अशा अर्थाचे एक वाक्य ठरावात घालून उठतात. हे वाक्य लिहिणारे लबाड असतात असे आम्हांस म्हणावयाचे नाही. परंतु ज्यांचा सहभाग घ्यावयाचा, ते लोक ह्या सर्व खटाटोपाकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, हे त्या ठरावांवरून मुळीच कळत नाही. ते कळावे अशी ज्यास इच्छा असेल, त्याने एक ग्रंथ अवश्य वाचावा. ब्राझीलच्या उत्तर सीमेवरील अरण्यात राहणाऱ्या यानोमामी लोकांचे मांत्रिक व पुढारी दावी कोपेनावा ह्यांनी तो सांगितला, आणि ब्रूस आल्बेर ह्या मानववंशशास्त्रज्ञाने तो लिहून काढला. मूळ फ्रेंच पुस्तक २०१० साली पॅरिस येथे प्रसिद्ध झाले. त्याचे इंग्रजी भाषांतर २०१३ साली हार्वर्ड विद्यापीठाने छापले; आणि ज्या देशाची ही कहाणी, त्या ब्राझीलच्या पोर्तुगीज भाषेत ते अवतरण्यास २०१५ साल उजाडावे लागले. ग्रंथाच्या नावाचा मराठीत 'कोसळते आकाश' असा तर्जुमा करता येईल.

ग्रंथकर्त्याचे चरित्र थोडक्यात सांगणे जरूर आहे, कारण तेच ह्या ग्रंथाचे भांडवल होय. कोपेनावांचा जन्म १९५६ च्या सुमाराचा. ते लहान असतानाच त्यांच्या मुलखात मिशनऱ्यांची वस्ती झाली आणि तिच्याबरोबर जंगलास ठाऊक नसलेले रोगही आले. १९६७ सालच्या गोवराच्या साथीत त्यांची आई वारली व बरेचसे आप्त गेले. पुढे गोऱ्यांसारखे व्हावे अशी हौस त्यांच्या मनात उत्पन्न झाली. ते शहरात गेले, तेथे क्षयाने आजारी पडले, आणि बरे होऊन परतल्यावर सरकारच्या आदिवासी खात्यात दुभाषी म्हणून राहिले. त्यानंतर सासऱ्याच्या हाताखाली त्यांनी मांत्रिकाची दीक्षा घेतली. आपल्या तरुणपणातील त्या हौसेविषयी ते ज्या मोकळेपणाने बोलतात, तो मोकळेपणा आत्मचरित्रांत विरळाच आढळतो. आपण कसे फसलो, कशाची लाज वाटत होती, आणि ती कशी ओसरली, हे सारे ते काहीही न लपवता सांगतात.

ग्रंथाचे तीन भाग आहेत. पहिल्यात दीक्षेची हकीकत व यानोमामींचे देवताविश्व येते. दुसऱ्यात गोऱ्यांचे आगमन, साथी, रस्ते व सोन्याचा धुमाकूळ. तिसऱ्यात कोपेनावांचा परदेशप्रवास व जगाच्या शेवटाविषयीचे त्यांचे विचार. सहाशेंहून अधिक पृष्ठांचा हा ऐवज एका दमात वाचून होणारा नाही. पहिल्या भागातील 'शापिरी' नामक सूक्ष्म, तेजस्वी, पिसांनी नटलेल्या व आरशांवर नाचत येणाऱ्या आत्म्यांचे वर्णन पुन्हा पुन्हा येते, आणि आमच्यासारख्या वाचकाचा धीर मधूनमधून सुटतो, हे कबूल केले पाहिजे. परंतु थोडे नेटाने पुढे गेल्यावर ध्यानात येते की, ही पुनरुक्ती तोंडी सांगण्यातील आहे. कीर्तनकार पूर्वरंगात एकच पद घोळवतो, ते श्रोत्यांच्या मनाची बैठक जमावी म्हणून. येथेही तसेच आहे. ही आत्म्यांची सृष्टी एकदा डोळ्यांपुढे उभी राहिली नाही, तर दुसऱ्या भागातील आकांत नुसता वृत्तपत्री मजकूर वाटतो.

त्या दुसऱ्या भागाचा विषय सोने हा आहे. १९८७ पासून पुढील दोन-तीन वर्षांत सुमारे चाळीस हजार सोने शोधणारे लोक यानोमामींच्या मुलखात घुसले. त्यांनी नद्यांत पारा ओतला, हिवताप पसरवला, आणि हजाराहून अधिक यानोमामी मृत्यू पावले. १९९३ साली हाशिमू येथे सोळा जणांची कत्तल झाली. ह्या अनर्थाची कोपेनावांनी केलेली मीमांसा अशी की, सृष्टिकर्त्या ओमामाने धातू जमिनीत खोल पुरून ठेवले होते, ते तेथेच राहावेत म्हणून. ते उकरून जाळले की त्यांतून विषारी धूर निघतो व तोच साथीचा रोग होऊन माणसे खातो. हा धूर वाढत गेला, मांत्रिक मरून गेले, म्हणजे आकाशास तोलून धरणारे कोणी उरणार नाही, व ते एकदा पुरातन काळी कोसळले होते तसे पुन्हा कोसळेल. आमच्यातील सुशिक्षित वाचक हे वाचून हसेल किंवा हळहळेल. दोन्ही व्यर्थ आहे. पारा तापवून सोने वेगळे करताना निघणारी वाफ विषारी असते, हे रसायनशास्त्रासही मान्य आहे. ही मीमांसा शास्त्र म्हणून स्वीकारा असा आमचा आग्रह नाही. पण आपल्या नाशाचे कारण ज्याने आपल्या परीने शोधून ठेवले आहे, त्यास निव्वळ 'पीडित' ह्या सदरात घालणे अन्यायाचे होय, एवढे तरी ह्या प्रकरणांवरून पटते.

तिसऱ्या भागातील एक स्थळ आम्हांस सर्व ग्रंथात मर्माचे वाटले. पोर्तुगीज भाषेत पर्यावरणास जो शब्द आहे, त्यातील 'मेयो' ह्या पदाचा अर्थ 'मध्य' असा आहे, तसाच 'अर्धा' असाही आहे. कोपेनावा ह्या शब्दावर अडून बसतात. गोऱ्यांनी नासधूस केल्यावर जे काही शिल्लक राहिले, त्यालाच ते ह्या नावाने ओळखतात. आम्हांस अर्धे नको, पृथ्वी मधोमध चिरता येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. हा श्लेष वाचून आम्हांस आपल्याच शब्दाची आठवण झाली. 'पर्यावरण' म्हणजे परितः असलेले आवरण. ह्या शब्दाने माणूस आत राहिला आणि झाड, नदी, पाखरू ही त्याच्याभोवतीची गवसणी ठरली. आम्ही हा शब्द शाळेतील मुलांकडून घोकून घेतो. त्यात एक तत्त्वज्ञान दडले आहे हे आमच्या कधी मनातही आले नव्हते. परक्या अरण्यातील मनुष्याने आपल्या घरातील शब्दाकडे पाहावयास लावावे, ह्याहून ग्रंथाची मोठी किंमत कोणती?

आता दोष सांगतो. हा ग्रंथ 'मी' ह्या पदाने बोलतो, पण तो 'मी' दोघांनी मिळून घडविला आहे. आमच्याकडे ह्या प्रकारास 'शब्दांकन' म्हणतात, आणि शब्दांकनातील आवाज नक्की कोणाचा, हा प्रश्न आमच्याकडे क्वचितच कोणी विचारतो. आल्बेर ह्यांनी तो स्वतःच विचारला आहे. ते १९७५ पासून यानोमामींमध्ये वावरत आले, त्यांची भाषा शिकले. १९८९ च्या अखेरीस कोपेनावांनी आपले बोल ध्वनिफितीवर त्यांच्या स्वाधीन केले, आणि त्यापुढे दहा वर्षांहून अधिक काळ हे सांगणे व उतरवून घेणे चालले. निरनिराळ्या वेळचे तुकडे आपण कसे जुळविले, हे त्यांनी उपसंहारात प्रांजळपणे लिहिले आहे. तरी शंका उरतेच. सर्व ग्रंथभर एकच संथ, गंभीर सूर लागलेला आहे. तो बोलणाऱ्याचा किती व जुळवणाऱ्याचा किती, हे आम्हांस ठरविता आले नाही. शिवाय ह्या अरण्यातील स्त्रियांचे बोलणे ग्रंथात फारच थोडे ऐकू येते. हे दोष लहान नव्हेत. पण एक माणूस दुसऱ्याचे म्हणणे त्याच्या भाषेत, त्याच्या गतीने, वर्षानुवर्षे बसून ऐकतो, ही गोष्ट त्यांच्याहून मोठी आहे. आणि ह्याच मापाने आता जागतिक परिषदांकडे पाहावयाचे आहे.

परिषदांचा इतिहास अगदीच कोरडा नाही. १९९२ साली जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या आठव्या कलमात आदिवासींच्या ज्ञानाचा आदर करण्याचे वचन आहे. २००७ च्या सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ विरुद्ध ४ मतांनी संमत केला. हिंदुस्थानचे मत अनुकूल पडले होते. २०२२ च्या डिसेंबरात माँट्रिऑल येथे, २०३० पर्यंत भूमीचा व समुद्राचा ३० टक्के भाग संरक्षित करण्याचे ठरले, आणि त्याच वाक्यात आदिवासींच्या हक्कांचा मान राखण्याची अटही घातली गेली. २०२४ साली काली येथे आदिवासींच्या प्रश्नांसाठी एक कायमचे उपमंडळ निर्माण झाले. ही पावले स्वागतार्ह आहेत. तथापि वाङ्मयाच्या टीकाकाराने मजकूर बारकाईने वाचावयाचा असतो, आणि तसा वाचला म्हणजे १९९२ च्या त्या कलमाच्या आरंभीच 'आपल्या राष्ट्रीय कायद्यास अधीन राहून' ह्या अर्थाचे शब्द दिसतात. म्हणजे ज्या सरकारांपासून संरक्षण हवे, त्यांच्याच मर्जीवर ते वचन टांगलेले आहे.

हा नुसता शब्दच्छल नव्हे. १९८८-८९ साली ब्राझीलच्या सरकारने यानोमामींचा मुलूख एकोणीस तुटक तुकड्यांत वाटून टाकला आणि मधली बहुतेक जमीन 'राष्ट्रीय अरण्य' म्हणून जाहीर केली. अरण्यरक्षणाच्या नावानेच अरण्यवासीयांचे अरण्य काढून घेण्याचा हा मासला होय. पुढे मोठी चळवळ झाली, तीत कोपेनावा अग्रभागी होते, आणि १९९२ च्या मे महिन्यात सुमारे ९६ लाख हेक्टरांचा अखंड प्रदेश यानोमामींचा म्हणून मान्य झाला. आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ एक तृतीयांश एवढे ते क्षेत्र आहे. 'रक्षण' हा शब्द ऐकताच कोपेनावांच्या कपाळास आठी का पडते, हे ह्या इतिहासावरून ध्यानात येईल.

शब्दांमागून पैसा येतो. २०२१ च्या नोव्हेंबरात ग्लासगो येथे पाच राष्ट्रे व सतरा खाजगी दाते ह्यांनी, अरण्यवासीयांच्या भूमिहक्कांसाठी २०२५ पर्यंत १७० कोटी डॉलर देण्याचे वचन दिले. दात्यांनी स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालांप्रमाणे, त्यातून थेट आदिवासींच्या संस्थांच्या हाती पडलेली रक्कम २०२१ साली ७ टक्के, २०२२ साली २.१ टक्के व २०२३ साली १०.६ टक्के होती. बाकीचा पैसा सरकारे, मोठ्या संस्था व सल्लागार ह्यांच्यामार्फत गेला. लांबच्या पाटातील पाणी वाटेत मुरावे तसाच हा प्रकार. दात्यांची बाजू अशी की, सार्वजनिक पैशाचा हिशेब चोख हवा. ही बाजू खोटी नाही. पण हिशेबाचे तक्ते परभाषेत भरावयाचे, लहान रकमा द्यावयाच्याच नाहीत, लेखापरीक्षक दूरच्या शहरातून आणावयाचा, असे सर्व नियम आधी करून ठेवावयाचे आणि मग 'त्यांच्यात पैसा हाताळण्याची पात्रता नाही' असे म्हणावयाचे, हा न्याय आम्हांस कळत नाही. दाता अरण्यवासीयाची भाषा शिकण्यास एक वर्ष देत नाही. अरण्यवासीयाने मात्र दात्याची भाषा अर्ज भरण्याच्या मुदतीत शिकावी अशी त्याची अपेक्षा असते. २०२५ च्या नोव्हेंबरात बेलें येथे जी नवी अरण्यनिधीची योजना पुढे आली, तीत किमान २० टक्के वाटा आदिवासींसाठी राखण्याचे म्हटले आहे. तो वाटा कोणाच्या सहीने, कोणाच्या हाती पडतो, ह्यावर तिची परीक्षा होईल.

पैशाप्रमाणेच स्तुतीचाही वाटेत काही वेगळाच पदार्थ होतो. जगातील ८० टक्के जैवविविधता आदिवासींनी राखली आहे, हा आकडा कित्येक वर्षे भाषणांतून, अहवालांतून फिरत होता. २०२४ साली 'नेचर' ह्या शास्त्रीय नियतकालिकात काही संशोधकांनी, ज्यांत आदिवासीही होते, ह्या आकड्यास आधार सापडत नाही असे दाखवून दिले. जैवविविधता अशी शेकड्याने मोजण्याची वस्तूच नव्हे, हे त्यांचे म्हणणे साधे व बिनतोड होते. आम्हांस ह्यात शोचनीय वाटते ते असे की, ज्यांची स्तुती चालली होती त्यांस एवढी वर्षे कोणी विचारलेच नाही. खऱ्या माणसाचे खरे म्हणणे ऐकण्यापेक्षा गोल आकडा उच्चारणे सोपे जाते.

मग खरा सहभाग कोणता? आमच्या मते त्याची कसोटी एकच: त्या लोकांच्या 'नाही' ह्या उत्तरास काही वजन आहे की नाही. ज्या सभेत केवळ होकारच नोंदवून घेतला जातो, त्या सभेत बोलावलेला मनुष्य साक्षीदारही नव्हे. तो शोभेचा पाहुणा होय. हा प्रश्न मराठीस नवा नाही. भिल्ल कवी वाहरू सोनवणे ह्यांनी 'स्टेज' ह्या कवितेत तो आमच्यापुढे केव्हाच ठेवला आहे. आणि त्याचे व्यावहारिक उत्तरही महाराष्ट्रातच पाहावयास मिळते. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावास २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथे सर्वांच्या संमतीवाचून ग्रामसभा निर्णय करीत नाही. आणि २०११ साली आपला बांबू आपल्याच परवान्याने विकण्याचा अधिकार गावाने मिळविला. हक्क हाती आल्यावर गाव हिशेबही ठेवू लागले. पात्रता आधी की हक्क आधी, ह्या वादाचे ह्याहून चांगले उत्तर आम्हांस सुचत नाही.

तथापि कागदावरील हक्क म्हणजे सर्व काही नव्हे, हेही यानोमामींच्याच उदाहरणावरून दिसते. १९९२ साली मान्य झालेल्या त्या मुलखात पुढे पुन्हा हजारो सोने शोधणारे शिरले, आणि २०२३ च्या जानेवारीत ब्राझीलच्या सरकारास तेथे आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली. उपासमारीने व हिवतापाने खंगलेल्या मुलांची चित्रे तेव्हा जगभर प्रसिद्ध झाली. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यास तेरा वर्षे लोटली होती. कोपेनावांस परदेशांत पारितोषिके मिळाली होती, त्यांची भाषणे मोठमोठ्या सभागृहांत झाली होती. त्यांचे म्हणणे सर्वांनी वाखाणले; पण सोन्याची मागणी कोणी कमी केली नाही.

येथे एक गोष्ट वाचकांस सांगितल्यावाचून राहवत नाही. यानोमामींच्या मुलखाचा मोठा भाग ब्राझीलच्या रोराइमा नावाच्या प्रांतात येतो. २०१९ साली ब्राझीलमधील वार्ताहरांनी उघडकीस आणले की, ज्या प्रांतात सोन्याची एकही कायदेशीर खाण चालू नव्हती, त्या रोराइमाच्या नावे १९४ किलो सोन्याची निर्यात नोंदली गेली होती. आणि ती निर्यात हिंदुस्थानास झालेली होती. हे सोने यानोमामींच्याच नद्यांतले होते असे कोणी सिद्ध केलेले नाही, आणि आम्हीही तसे म्हणत नाही. सोने एकदा वितळले की ते कोठले, हे सांगण्याची सोय राहत नाही. त्याचा व्यापार ह्याच गुणावर चालतो. पण गुढीपाडव्यास, अक्षय्य तृतीयेस गुंजभर तरी सोने घरात यावे ही ज्यांच्या घरची रीत, त्या आम्हां मध्यमवर्गीयांस ही बातमी दूरदेशीची म्हणून बाजूस सारता येणार नाही. दसऱ्यास आपट्याची पाने सोने म्हणून वाटण्याची चाल आमच्याच पूर्वजांनी घातली. त्या एका दिवशी तरी झाडाचे पान आणि सोने ह्यांची किंमत आमच्या घरांत सारखी धरली जाते. कोपेनावांस ही चाल कळली असती तर त्यांनी तिचे कारण आम्हांस खोदखोदून विचारले असते, आणि उत्तर देताना आमची धांदल उडाली असती.

असो. ग्रंथ मोठा आहे, महाग आहे, आणि मधूनमधून वाचकास थकविणारा आहे. तरी ज्यांच्या घरी थोडे गंभीर वाचन होते, त्यांनी निदान दुसरा व तिसरा भाग तरी वाचावा अशी आमची शिफारस आहे. न्यू यॉर्क नगरीच्या मध्यावरील उंच इमारती पाहून तिच्या कडेच्या मोडक्या वस्तीतील उपाशी माणसांविषयी कोपेनावा जो प्रश्न करतात, तो मुंबईच्या वाचकास समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. ह्या पुस्तकाने कोणताही ठराव सिद्ध होत नाही, की कोणता निधी उभा राहत नाही. पण पुढच्या खेपेस एखाद्या परिषदेच्या वार्तेत 'सहभाग' हा शब्द दिसला, म्हणजे कोणी कोणाचे ऐकले, किती वेळ ऐकले, आणि ऐकून स्वतःचे काय बदलले, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय ह्या वाचनाने लागते. आम्हांस ती लागली, आणि म्हणूनच हे परीक्षण लिहिले.